लष्करी तळावर वीज-पाणी कसं वाचवायचं: सुरुवात रात्री तीनच्या मीटरपासून

घरात नळ गळत असला तर महिनाअखेरीला बिल येऊन ओरडतं. लष्करी तळावर असं ओरडणारं कुणी नसतं. बराकीतल्या सैनिकाला बिल येत नाही, मेसच्या आचाऱ्याला येत नाही, हँगरमधल्या तंत्रज्ञालाही येत नाही. बिल एका कार्यालयात येतं, तिथून दुसऱ्या कार्यालयात जातं आणि मंजूर होतं. नळ ज्याच्या हाताशी आहे त्याने ते बिल जन्मात पाहिलेलं नसतं. त्यात अधिकाऱ्यांच्या बदल्या दोन-तीन वर्षांनी. आज लावलेल्या झाडाची सावली पुढच्याला मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

म्हणून तळावर 'पैसे वाचवा' ही हाक फारशी चालत नाही. चालतो तो दुसरा प्रश्न: बाहेरून येणारी वीज आणि पाणी उद्या सकाळी तुटलं, तर हा तळ किती दिवस उभा राहील? अमेरिकी लष्कराने २०१७ च्या धोरणात अत्यावश्यक कामांसाठी किमान १४ दिवस वीज-पाणी पुरलं पाहिजे अशी अट घातली. समजा तळावर ४२,००० लिटर डिझेल आहे आणि संकटात रोज ३,००० लिटर जळतं. झाले १४ दिवस. खप २,००० वर आणला तर त्याच टाकीत २१ दिवस निघतात. नवी टाकी नको, नवा टँकर नको.

आघाडीवरच्या छावणीत हा हिशेब आणखी कडू होतो. अमेरिकी लष्कराच्या पर्यावरण धोरण संस्थेने २००९ मध्ये केलेल्या अभ्यासात २००७ च्या आकड्यांवरून असं दिसलं, की अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस मारला जात होता किंवा जखमी होत होता. तंबूचं दार उघडं ठेवून एसी चालवणाऱ्याला हे एकदा सांगून बघा. पुन्हा सांगावं लागत नाही.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात 'युनिट' म्हणजे विजेचं युनिट. सैनिकांच्या गटाला मी 'तुकडी' म्हणणार आहे, नाहीतर घोळ होतो.

पायरी १: आधी मोजा, आणि रात्री मोजा

बहुतेक तळांवर विजेचा एक मुख्य मीटर असतो, पाण्याचा एक मुख्य मीटर असतो आणि त्यानंतर सगळा अंधार. महिन्याला आठ लाख युनिट गेली एवढंच कळतं. कुठे गेली, ते कळत नाही.

इमारत-इमारत मीटर लावायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. निविदा निघेपर्यंत तुमची बदली होईल. आठ-दहा गट पाडा: निवासी बराकी, मेस आणि लाँड्री, कार्यशाळा, हँगर, गोदामं, सर्व्हर आणि सिम्युलेटर, पंपघरं, रस्त्याचे आणि कुंपणाचे दिवे, रुग्णालय. प्रत्येक गटाच्या फीडरवर, म्हणजे त्या गटाला वीज नेणाऱ्या मुख्य तारेवर, एक सबमीटर पुरतो. तेही जमत नसेल तर तारेभोवती अडकवायचा नोंदणी करणारा मीटर एका फीडरवर आठवडाभर ठेवा, मग पुढच्या फीडरवर हलवा. दहा आठवड्यांत तळाचा नकाशा हातात येतो.

दोनच आकडे आधी काढा: दुपारचा सर्वांत जास्त भार आणि रात्री तीनचा सर्वांत कमी भार. कार्यालयं बंद, कार्यशाळा बंद, आणि तरीही रात्रीचा भार दुपारच्या साठ टक्के असेल, तर काहीतरी विनाकारण चालू आहे.

पाण्याचंही तसंच. रात्री दोन ते चार या वेळात माणसं झोपलेली असतात, टाक्या भरलेल्या असतात. तेव्हा मुख्य मीटरमधून जे पाणी जातं, त्यातला बहुतांश भाग गळतीचा. मी पहिल्यांदा अशी मोजणी केली तेव्हा तळावर अकराशेच्या आसपास माणसं होती. विजेरी तोंडात धरून मीटरच्या खड्ड्यात वाकलो, तर काचेखालचं ते छोटं तांबडं चक्र थांबायचं नावच घेत नव्हतं. तासाला सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर. पंपघरातला माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, ते नेहमीच फिरतं." नेहमीच! दिवसाचे दीड लाखाच्या आसपास लिटर, आणि ते 'नेहमीच' फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी तळ पायी फिरलो. एका रिकाम्या इमारतीमागे भर उन्हाळ्यात गुडघाभर हिरवं गवत होतं आणि गटारात बेडूक. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक अडकला होता आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट पावसाळी गटारात सोडलेला होता. इमारतीत दोन वर्षं कुणी राहत नव्हतं. तेवढा एक व्हॉल्व्ह बंद केला आणि रात्रीचा आकडा सातावरून साडेचारावर आला. उरलेले साडेचार शोधायला मात्र तीन महिने लागले.

रात्रीच्या प्रवाहाला सरळ चोवीसने गुणू नका. रात्री वापर नसल्याने पाइपातला दाब जास्त असतो, म्हणून गळतीही जास्त असते. ढोबळ अंदाजाला वीस-बावीसने गुणलेलं बरं.

पायरी २: मीटरचे आकडे गुपित समजा

ही पायरी नागरी मार्गदर्शकांत सापडत नाही, म्हणून इथेच सांगतो. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपच्या जागतिक नकाशावर, सैनिकांच्या धावण्याच्या मार्गांमुळे, वाळवंटातल्या लष्करी तळांच्या रेषा उजळून दिसल्या होत्या. विजेचा आलेख त्याहून जास्त बोलका असतो. एखाद्या बराकीचा भार एका रात्रीत कोसळला, तर तुकडी हलली. मेसचं पाणी पहाटे चारऐवजी दोनला सुरू झालं, तर काहीतरी शिजतंय, आणि ते फक्त जेवण नाही.

तेव्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ देऊ नका. मीटरचं संगणक-जाळं (नेटवर्क) तळाच्या इतर जाळ्यांपासून वेगळं ठेवा. कंत्राटदाराला कामापुरती महिन्याची बेरीज द्या. सौर इन्व्हर्टरलाही हाच नियम. बरेचसे इन्व्हर्टर घरबसल्या मोबाइलवर दिसावेत म्हणून कारखान्यातूनच इंटरनेटला जोडलेले येतात, आणि जे दुरून दिसतं ते दुरून बंदही करता येतं. माहिती-सुरक्षेच्या अधिकाऱ्याला खरेदीच्या आधी बोलवा. नंतर बोलावलं तर तो सगळंच उपटून टाकेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

पायरी ३: पाण्याची गळती

आधी नकाशा हातात घ्या आणि त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. जुन्या तळांवर पाइपावर पाइप चढलेले असतात. नकाशात दाखवलेला व्हॉल्व्ह तीन थर डांबराखाली असतो, आणि नकाशात नसलेला व्हॉल्व्ह अर्धा बंद असतो. म्हणून पहिलं काम व्हॉल्व्ह शोधण्याचं: प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकावर रंग, प्रत्येक एकदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडायचा.

मग रात्रीची टप्प्याटप्प्याची चाचणी. एक माणूस मुख्य मीटरपाशी बसतो, दुसरा एकेका विभागाचा व्हॉल्व्ह बंद करत जातो. ज्या व्हॉल्व्हला आकडा धाडकन खाली येतो, गळती त्या विभागात. तिथे जमिनीला कान लावायचा. त्यासाठी ध्वनी ऐकण्याची उपकरणं मिळतात, पण व्हॉल्व्हच्या दांड्यावर लोखंडी सळई टेकवून दुसरं टोक कानाशी धरलं तरी फुटलेल्या पाइपाची शीळ ऐकू येते. रुग्णालय आणि अग्निशमन यांना आधी कळवल्याशिवाय एकही व्हॉल्व्ह फिरवायचा नाही.

इमारतींच्या आत तीन ठिकाणं बघा. फ्लशची टाकी: टाकीत खाण्याचा रंग टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीतलं रबर गेलंय. बॉलकॉक: गच्चीवर चढल्याशिवाय कळत नाही, आणि गच्चीवर कुणी चढत नाही. तिसरं ठिकाण टपकते नळ. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. साधारण ४,००० थेंबांचा एक लिटर धरला तर रोजचे एकवीस-बावीस लिटर, वर्षाचे जवळपास आठ हजार. असे शंभर नळ एका तळावर सहज सापडतात.

दाबाकडे कुणाचं लक्ष नसतं. मिश्र पाइपांच्या जाळ्यात दाब दहा टक्क्यांनी उतरला तर गळतीही साधारण तेवढ्याच प्रमाणात उतरते, शिवाय पाइपही कमी फुटतात. मात्र अग्निशमनाची लाइन आणि पिण्याची लाइन एकच असेल तर दाबाला हात लावण्याआधी अग्निशमन अधिकाऱ्याची लेखी संमती हवी. आगीच्या पंपाच्या चाचणीचं पाणी गटारात सोडण्याची जुनी सवय मात्र आजच मोडता येते. ते पाइपाने परत टाकीत वळवा.

आता एक उलटा धोका. कित्येक तळ दहा हजार माणसांसाठी बांधलेले असतात आणि आज तिथे तीन हजारच राहतात. अशा जाड पाइपांत पाणी आधीच रेंगाळत असतं. तुम्ही वापर आणखी घटवला की ते आणखी शिळं होतं, क्लोरीन उडून जातं. मग देखभालवाले टोकाचे नळ तासन्‌तास सोडून ठेवतात आणि तुमची बचत गटारात जाते. यावर उपाय म्हणजे न लागणाऱ्या शाखा मुळापासून तोडून बंद करणं आणि टाक्यांमधली पातळी खपाप्रमाणे खाली ठेवणं. तुकडी बाहेर गेल्यावर रिकाम्या बराकीची लाइन बंद करा, ती परतायच्या आधी सगळे नळ वाहते करून पाइप धुऊन काढा.

गरम पाण्याच्या टाकीचं तापमान बचतीच्या नावाखाली ६० अंश सेल्सिअसखाली आणू नका. कोमट साठवलेल्या पाण्यात लीजिओनेला जीवाणू वाढतो आणि तो शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. वाचवायचंच तर टाकीभोवतीचं आणि पाइपांभोवतीचं उष्णतारोधक आवरण जाड करा.

पायरी ४: शॉवर, मेस, लाँड्री

वीज आणि पाणी या दोन वेगळ्या मोहिमा नाहीत, हे शॉवरखाली कळतं. जुना शॉवर मिनिटाला १५ लिटर सोडतो, चांगला आधुनिक शॉवर ८ लिटरमध्ये तेवढंच समाधान देतो. आठशे सैनिक रोज पाच मिनिटं आंघोळ करतात. मिनिटाला ७ लिटर वाचले तर दिवसाला २८,००० लिटर. ते पाणी १५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवलं जात असेल, तर एक घनमीटर पाणी एक अंशाने तापवायला लागणाऱ्या १.१६ युनिटांच्या हिशेबाने रोजची सुमारे ८१० युनिट उष्णता वाचली. शिवाय पंपाची वीज वाचली, सांडपाणी उपसण्याची वाचली.

पण हात आखडता किती घ्यायचा यालाही मर्यादा आहे. मिनिटाला पाच लिटरचे शॉवर लावलेली एक बराक मी पाहिली आहे. पंधरा दिवसांत निम्म्या शॉवरमधली प्रवाह अडवणारी चकती खिळ्याने काढून टाकलेली होती. दिवसभर चिखलात लोळलेल्या माणसाशी अशा बाबतीत वाद घालू नये. आधी दोन शॉवर लावून तुकडीलाच विचारा.

मेसमध्ये दोन गोष्टी धरा. गोठवलेलं मांस वाहत्या नळाखाली ठेवून सोडायची सवय बंद करा. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं तर ते सुरक्षितही राहतं. दुसरी गोष्ट धुरांड्याचे पंखे. ते पहाटे चारला सुरू होतात आणि रात्री दहाला बंद होतात, मध्ये चूल पेटलेली असो वा नसो. हे पंखे बाहेर फेकतात ती तुम्ही तापवलेली किंवा गार केलेली हवा असते. लाँड्रीला एकच नियम पुरतो: मशीन भरल्याशिवाय लावायचं नाही.

पायरी ५: कार्यशाळा आणि हँगर

खरा पैसा इथे आहे आणि बचतीच्या भित्तिपत्रकांत नेमकं हेच नसतं. तिथे 'खोलीतून जाताना दिवा बंद करा' लिहिलेलं असतं.

दाबाच्या हवेपासून सुरुवात करा. कॉम्प्रेसरच्या हवेतली २० ते ३० टक्के हवा गळतीत जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. चाचणी फुकट आहे. सुट्टीच्या दिवशी हवेवर चालणारी सगळी अवजारं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा आणि घड्याळ घ्या. दहा मिनिटांत तो तीन मिनिटं भारावर आणि सात मिनिटं रिकामा राहिला, तर गळती तीस टक्के. शांततेत फुसफुस ऐकू येते, जिथे शंका वाटेल तिथे साबणाचं पाणी लावा. बहुतेक वेळा दोष कपलिंगमध्ये, होजच्या क्लँपमध्ये आणि पाणी काढायच्या व्हॉल्व्हमध्ये सापडतो. मग दाब बघा. अवजाराला सहा बार लागतात आणि कॉम्प्रेसर आठवर लावलेला असतो, कारण कधीतरी कुणीतरी लांबच्या टोकाला दाब कमी पडतो म्हणून तक्रार केली होती. एक बार उतरवला की सुमारे सात टक्के वीज वाचते.

हँगरचं दुखणं दाराचं. शंभर मीटर रुंदीचं दार उघडं आणि आत हीटर चालू, म्हणजे आपण आकाश तापवतो. दार उघडलं की हीटर आपोआप बंद होईल अशी जोडणी करा. तिला एक साधा स्विच लागतो. थंड प्रदेशात हवा तापवण्याऐवजी वरून उष्णतेचे किरण टाकणारे (रेडियंट) हीटर लावले तर माणूस, फरशी आणि विमान तापतं, आणि दार उघडून मिटलं तरी ऊब टिकते. गरम हवा छताशी साचते, ती मोठ्या संथ पंख्यांनी खाली ढकलता येते. विमानाला जमिनीवर असताना स्वतःचं इंजिन किंवा डिझेलची गाडी लावून वीज देण्यापेक्षा ४०० हर्ट्‌झचा स्थिर पुरवठा (विमानाची वीज याच वारंवारितेची असते) हँगरमध्येच असेल तर इंधनही वाचतं आणि कानही.

गोदामांत एक मोठी चूक हमखास दिसते. सामान गंजू नये म्हणून अख्खं गोदाम तापवलं जातं. पोलादाला उबेची गरज नसते, कोरड्या हवेची असते. सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर गंज जवळजवळ थांबतो. गोदामाच्या फटी बुजवून आर्द्रता शोषणारं यंत्र लावणं हे तापवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. उभ्या वाहनांच्या आत तर नळीने कोरडी हवा सोडली तरी पुरे. दारूगोळ्याच्या कोठारात मात्र यातलं काहीही त्या कोठाराच्या जबाबदार अधिकाऱ्याशिवाय करायचं नाही, साधा दिवाही बदलायचा नाही.

वाहनं धुण्याच्या जागेवर नळी घेऊन चिखल उडवत बसण्याआधी चिखल खरवडा. रणगाड्याच्या साखळीत अडकलेला वाळलेला चिखल फावड्याने दहा मिनिटांत निघतो, पाण्याने तासाभरात. त्यानंतर पाणी पुन्हा वापरा: धुतलेलं पाणी गाळ बसायच्या टाकीत, तेल वेगळं करणाऱ्या कप्प्यातून, वाळूच्या गाळणीतून आणि परत नळीत. अमेरिकी लष्कराच्या मोठ्या प्रशिक्षण तळांवर अशी मध्यवर्ती धुलाई केंद्रं कित्येक वर्षं चालू आहेत.

पायरी ६: दिवे आणि गारवा

हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून झटपट. कुंपणाच्या दिव्यांना हात लावण्याआधी सुरक्षा अधिकाऱ्याला विचारा. एलईडी लावताना रात्री बघण्याच्या चष्म्यातून ते कसे दिसतात हे एका खांबावर तपासा, मग उरलेले दोनशे मागवा. पंप आणि पंख्यांना वेग बदलणारे ड्राइव्ह लावा: वेग ८० टक्क्यांवर आणला की विजेची गरज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. सर्व्हरच्या खोलीला १८ ते २७ अंश चालतं. ती १६ अंशांवर ठेवून आत स्वेटर घालून बसणं ही निव्वळ सवय आहे. पाण्याचा कूलिंग टॉवर (एसीची उष्णता पाणी आटवून बाहेर टाकणारा मनोरा) असेल तर त्यातलं पाणी किती वेळा आटवून मग सोडतात ते विचारा. क्षारांचं प्रमाण मूळ पाण्याच्या तिपटीऐवजी सहापटीपर्यंत जाऊ दिलं, तर भरावं लागणारं पाणी २० टक्क्यांनी घटतं. पाण्यावरची रासायनिक प्रक्रिया तेवढी चोख हवी.

पायरी ७: जनरेटर आणि मैदानी छावणी

छावणी पडली की प्रत्येक तंबू आपला जनरेटर घेऊन येतो. कुणालाच दुसऱ्यावर अवलंबून राहायचं नसतं, आणि प्रत्येकाने गरजेपेक्षा चौपट मोठा आणलेला असतो. १०० किलोवॉटचा जनरेटर २५ किलोवॉटवर चालला तर तासाला साधारण १० लिटर पितो. ५० वर चालला तर साडेपंधराच्या आसपास. म्हणजे चार जनरेटर पाव भारावर ठेवले तर तासाला ४० लिटर. तेच काम एकमेकांना जोडलेले दोन जनरेटर अर्ध्या भारावर ३१ लिटरमध्ये करतात. दिवसाला दोनशे लिटरहून जास्त वाचले, आणि दोन यंत्रं राखीव उभी राहिली.

कमी भारावर चालवण्याचा दुसरा तोटा हळूहळू समजतो. इंजिन पुरेसं तापत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी धुराड्यात साचते, काळं चिकट तेल टपकायला लागतं. असं यंत्र ऐन वेळी पूर्ण भार उचलत नाही. तेव्हा जनरेटर कधीही तीस-चाळीस टक्क्यांखाली रेंगाळू देऊ नका. महिन्याला एकदा भरपूर भार देऊन चालवा.

जनरेटरच्या आधी तंबू बघा. इराकमध्ये अमेरिकी लष्कराने तंबूंवर फोमचा थर फवारला, कारण कापडी तंबूत एसी लावणं म्हणजे चाळणीत पाणी ओतणं. फोम नसेल तर आतून अस्तर, वरून हातभर अंतर सोडून सावलीची जाळी, आणि दाराला दुहेरी पडदा. उलट्या टोकाला थंडी आहे. २०२१ मध्ये सोनम वांगचुक यांनी लडाखमधल्या सैनिकांसाठी सूर्याच्या उष्णतेवर उबदार राहणारा तंबू दाखवला, बाहेरचं रात्रीचं किमान तापमान उणे १४ अंश, आत रात्री दहाला अधिक १५. त्यात रॉकेलची शेगडी नव्हती. छोट्या चौक्यांना सौर ब्लँकेट (घडी घालता येणारे सौर पॅनल) आणि बॅटऱ्या पुरतात, हे २०१० मध्ये अफगाणिस्तानातल्या सांगीन भागात अमेरिकी मरीन तुकडीने करून पाहिलं. जनरेटर बंद असला की रात्री आवाज नसतो, हा फायदा सैनिकांनाच सर्वांत आधी पटतो.

पाण्याच्या बाटल्यांचे ट्रक आणण्यापेक्षा पाणी जागेवर शुद्ध करणं परवडतं. समुद्राचं पाणी गोडं करायला घनमीटरला साधारण ३ ते ४ युनिट लागतात. आंघोळीचं पाणी गाळून पुन्हा आंघोळीलाच वापरता येतं. संडासाचं आणि स्वयंपाकघराचं पाणी त्यात मिसळू देऊ नका, मिसळलं की यंत्र बसलंच.

पायरी ८: सौर पॅनल, आणि मग दिवा मालवून बघा

पॅनल मी मुद्दाम शेवटी ठेवले. सगळ्यांना ते आधी लावायचे असतात, कारण त्यांचा फोटो छान येतो. बॉलकॉकचा येत नाही. गळक्या तळावर पॅनल लावलेत तर गळतीला पुरेल एवढे जास्तीचे पॅनल लागतात.

अमेरिकेच्या नेलिस हवाई तळावर २००७ च्या अखेरीस १४ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तो उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा होता. त्यानंतर जगभर तळांवर पॅनल चढले. पण बाहेरच्या वीजजाळ्याला (ग्रिडला) जोडलेला साधा सौर प्रकल्प, बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. म्हणजे भर दुपारी, लख्ख उन्हात, हजारो पॅनल असूनही तळ अंधारात! हे टाळायचं तर जाळ्यापासून वेगळं होऊन स्वतंत्र चालू शकणारे इन्व्हर्टर, बॅटरी आणि नियंत्रण हवं, आणि ते करारातच लिहायला हवं. हवाई तळ असेल तर पॅनलची चमक वैमानिकाच्या आणि नियंत्रण मनोऱ्याच्या डोळ्यांवर येते का, तेही आधी तपासा.

हे सगळं झालं की खरी परीक्षा. ठरलेल्या दिवशी, सगळ्यांना आधी सांगून, मुख्य ब्रेकर खाली ओढा. अमेरिकी तळांवर अशा चाचण्या नियमाने घेतल्या जातात. टेबलावरच्या योजनेत सगळे जनरेटर सुरू होतात, प्रत्यक्षात काही होत नाहीत. एखाद्या ठिकाणी बॅकअप आहे पण त्याच्या खोलीचा पंखा बाहेरच्या विजेवर आहे, एखाद्या ठिकाणी दाराचं कुलूप विजेचं आहे आणि किल्ली आत आहे. पाण्याचं तर नक्की बघा: पंपांना वीज नसताना उंचावरची टाकी किती तास पुरते? आणि पाण्याचा स्रोतच बिघडला तर? नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या रेड हिलच्या इंधन साठ्यातून गळती होऊन पर्ल हार्बर तळाच्या पिण्याच्या पाण्यात विमानाचं इंधन गेलं आणि हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली. तळाला पाण्याचा दुसरा स्रोत हवाच, आणि जेवढा खप कमी तेवढा तो छोटा असून भागतो.

पायरी ९: माणसं आणि बदल्या

तुकड्यांना दर महिन्याला खोटं बिल पाठवा. पैसे भरायचे नाहीत, फक्त आकडा दिसायला हवा: तुमची बराक, माणशी इतकं पाणी, इतकी वीज, मागच्या महिन्यापेक्षा इतकी जास्त. हे सूचनाफलकावर लागलं की कमांडिंग अधिकारी स्वतः विचारायला लागतो. स्पर्धाही लावा, पण हजर माणसांच्या संख्येने भागल्याशिवाय नाही. एकदा आमच्याकडे पहिलं बक्षीस त्या तुकडीला गेलं जी महिनाभर सरावाला बाहेर होती. बक्षीस घ्यायलाही तिथे कुणी नव्हतं.

बाहेरची कंपनी स्वतःच्या पैशाने यंत्रं बसवते आणि वाचलेल्या बिलातून फेड घेते, असे करार जगभर तळांवर होतात. त्यात भांडण एकाच गोष्टीवरून होतं: आधीचा खप किती धरायचा. म्हणून करारापूर्वी वर्षभराचे स्वतःचे आकडे हातात हवेत, कंपनीने काढलेले नाहीत. सही झाल्यावर तळावरची माणसं घटली, तर बचत कंपनीने केली की तुकडीच्या बदलीने, याचं उत्तर कागदावर आधीच असावं.

आणि शेवटी हस्तांतराचा कागद. पद सोडताना शस्त्रांची मोजणी होते, भांड्याकुंड्यांची होते, वीज-पाण्याची होत नाही. एक पान पुरतं. त्यावर रात्री तीनचा पाण्याचा प्रवाह आणि विजेचा भार, या वर्षीचा आणि मागच्या वर्षीचा. माहीत असून दुरुस्त न झालेल्या गळत्या, जागेसकट. सापडलेल्या पण न फिरणाऱ्या व्हॉल्व्हचे क्रमांक. ब्रेकर ओढला त्या दिवशी सुरू न झालेल्या जनरेटरची यादी. आलेल्या अधिकाऱ्याने त्यावर सही करायच्या आधी, त्याच रात्री तीन वाजता विजेरी घेऊन मीटरच्या खड्ड्यात उतरायचं आणि आकडा स्वतः ताडून पाहायचा.